मोठं मोटारहोम कॅम्पसाइटवर लेव्हल करायचं किट आणि पद्धत: कामाच्या नोंदी

२ फेब्रुवारी

सुरुवात वजनकाट्यापासून केली. गाडी, म्हणजे आत राहायची सोय असलेलं मोटारहोम, १२ मीटर लांब, डिझेल, इंजिन मागे, खाली हवेच्या बॅगांचं सस्पेन्शन आणि चेसिसला (गाडीच्या सांगाड्याला) गाडी सरळ करायचे चार हायड्रॉलिक जॅक. पाणी, डिझेल, सामान सगळं भरून काट्यावर घेतली तर पुढचा ॲक्सल ५ टनांच्या जरा वर आणि मागचा १० टनांना टेकलेला, म्हणजे दोन तृतीयांश वजन मागेच आहे. हे आकडे हातात नसताना जॅकखालचे पाट किती जाड करायचे आणि चाकांखालच्या फळ्या किती रुंद घ्यायच्या हे ठरवणं म्हणजे अंधारात तीर मारणं.

टायर २७५/८०आर२२.५, म्हणजे व्यास साधारण १ मीटर, मागे डबल टायर. दोन ॲक्सलमधलं अंतर ७ मीटर, मागच्या डाव्या जोडीच्या मध्यापासून उजव्या जोडीच्या मध्यापर्यंत १.९ मीटर. ही दोन मापं वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिली कारण पुढचा सगळा हिशोब त्यावरच चालणार. १ अंशाचा उतार असेल तर लांबीत १२ सेंटिमीटरचा फरक पडतो आणि रुंदीत ३.३ सेंटिमीटरचा. जागेवर उभं राहून एक अंश कुणालाच डोळ्यांनी कळत नाही, पण पुढचं चाक अर्धी वीत खाली आहे असं म्हटलं की लगेच समजतं काय करायचंय ते.

५ फेब्रुवारी

आज काहीच बनवलं नाही, फक्त पार्किंग ब्रेक नीट समजून घेतला. माझ्या मते या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि जॅकची बटणं कशी दाबायची ते शिकायच्या आधी ही माहिती असायला हवी.

एअर ब्रेकच्या गाडीत पार्किंग ब्रेक हवेने लागत नाही, स्प्रिंगने लागतो. गाडी चालते तेव्हा हवेचा दाब ती जाड स्प्रिंग दाबून धरतो, नॉब ओढला की हवा निघून जाते आणि स्प्रिंग ब्रेक आवळते. पण ही स्प्रिंग आमच्या गाडीला फक्त मागच्या ॲक्सलवर आहे, बहुतेक मोठ्या मोटारहोमला असंच असतं. पुढची चाकं पार्किंगमध्ये मोकळीच असतात. त्यात अशा जड गाड्यांच्या बऱ्याच ऑटोमॅटिक गिअरबॉक्सना पार्कची पोझिशन नसते, न्यूट्रल आणि ब्रेक एवढंच. मग जॅक लावून मागची चाकं जमिनीवरून उचलली तर गाडी अडवणारं काय उरलं? काहीच नाही. १५ टनांची गाडी चार जॅकच्या दांड्यांवर आणि पुढच्या दोन मोकळ्या चाकांवर. उताराच्या दिशेने थोडी जरी सरकली तर दांड्यांवर आडवा जोर येतो, त्या उभा भार घ्यायला बनवलेल्या असतात, आडवा नाही. दांडी वाकली की गाडी जॅकवरून उतरते आणि चालायला लागते.

काही पेट्रोलवाल्या चेसिसमध्ये पार्किंग ब्रेक चाकांवर नसून प्रॉपेलर शाफ्टवर (इंजिनची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्यावर) असतो, तिथे तर अजून जपायला हवं. शाफ्ट अडवला तरी डिफरन्शिअलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) एक चाक पुढे आणि दुसरं मागे फिरू शकतं, म्हणजे मागचं एकच चाक उचललं गेलं आणि दुसरं जमिनीवर आहे तरी गाडी घरंगळू शकते. पार्किंग ब्रेक लावलेला असूनसुद्धा. हे वाचून दादा दोन मिनिटं गप्प बसला आणि मग म्हणाला की हे आधी वहीत लिही, बाकीचं नंतर.

म्हणून नियम लिहिला: मागची चाकं जमिनीवर किंवा फळीवर पूर्ण भार घेऊन टेकलेलीच राहणार. गाडी लेव्हलला आली नाही तरी चालेल. जागा जमत नसेल तर जागा बदलायची.

९ फेब्रुवारी

लेव्हल म्हणजे नक्की कशाची लेव्हल? आमच्यासाठी उत्तर फ्रिज. आमचा फ्रिज कॉम्प्रेसरवाला नाही, गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा ॲब्सॉर्प्शन प्रकारचा आहे. त्यात पंप नसतो, अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण गरम करून अमोनिया बाहेर काढायचा आणि मग तो थंड होऊन नळ्यांतून केवळ गुरुत्वाकर्षणाने खाली वाहत परत येणार. गाडी कलती उभी असली की तो प्रवाह मधेच अडतो, बॉयलर कोरडा तापतो, गंज लागू नये म्हणून आत घातलेलं रसायन खडे होऊन नळीत बसतं आणि एकदा बसलं की निघत नाही. उजवी-डावीकडे ३ अंश आणि दुसऱ्या दिशेने ६ अंश ही नेहमी सांगितली जाणारी मर्यादा. गाडी धावत असताना आतलं द्रव हलत राहतं म्हणून तेव्हा तेवढी काळजी नाही, धोका उभ्या गाडीत. कॉम्प्रेसरच्या फ्रिजला एवढी नाजूक लेव्हल लागत नाही, तसा फ्रिज असेल तर निम्मी चिंता कमी.

मर्यादा ३ अंश असली तरी माणसाला १ अंशसुद्धा खुपतो. बाथरूममधलं पाणी एका कोपऱ्यात साचतं, दारं आपोआप उघडतात, आणि आईचं म्हणणं एकच, झोपताना डोकं पायांपेक्षा खाली नको.

तर सपाट काँक्रीटवर गाडी नेली, फ्रिजमधल्या खालच्या तळावर गवंड्याची लांब पाणसळ ठेवली, एकदा लांबीत एकदा आडवी, दरवेळी उलटी करूनही पाहिली कारण पाणसळ स्वतःच चुकीची असेल तर बुडबुडा उलट बाजूला सरकतो आणि लगेच कळतं. जॅकने फ्रिज बरोबर लेव्हलला आणल्यावर ड्रायव्हरजवळचा छोटा गोल बुडबुडा त्याच स्थितीत मध्यावर येईल असा बसवला आणि मॅन्युअलमध्ये दिलंय तसं जॅकच्या कंट्रोल पॅनलचा शून्यही तिथेच सेट केला. आता पॅनल सपाट म्हणालं की फ्रिजही सपाट. पॅनलचा शून्य हललेला असेल तर ऑटो लेव्हल (एका बटणावर जॅक आपोआप हलवणारी सोय) दरवेळी अगदी इमानदारीने चुकीची लेव्हल लावत राहतं.

१४ फेब्रुवारी

जॅकखालचे पाट.

जॅकचा पाय गोल, व्यास २५ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ ४९० चौरस सेंटिमीटरच्या आसपास. एका जॅकवर ३ टन आले तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर ६ किलोहून जास्त दाब. ओली माती तर सोडाच, उन्हात तापलेलं डांबरसुद्धा एवढ्याने दबतं. ४५ बाय ४५ सेंटिमीटरचा पाट घातला तर तोच दाब दीड किलोवर येतो. पण कागदावरचा हिशोब तेव्हाच खरा जेव्हा पाट वाकत नाही. पातळ प्लाय घातला तर तो मध्ये खोलगट होतो, कडा वर उचलल्या जातात आणि भार पुन्हा पायाएवढ्याच जागेवर येतो. म्हणून १८ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे तीन थर, मधल्या थराचे रेषे आडवे, वॉटरप्रूफ गोंद आणि खालून-वरून स्क्रू, स्क्रूची डोकी आत बुडवलेली. एक पाट भरतो साडेसहा किलोच्या आसपास, आईसुद्धा उचलू शकते.

कडा तासून गोल केल्या, जवसाचं तेल दोनदा दिलं, आणि प्रत्येक पाटाला एका बाजूने जाड दोरीचा फास. दोरी उचलायला तर आहेच पण खरं कारण वेगळं आहे. टोकाला हूक असलेली लांब काठी बनवली, तिने पाट बाहेर उभं राहूनच जॅकखाली सरकवायचा आणि निघताना दोरीत हूक अडकवून ओढून घ्यायचा. हात, डोकं, खांदा काहीही गाडीखाली जाता कामा नये. हवेच्या बॅगा रिकाम्या होतात तेव्हा एवढी मोठी बॉडी काही सेकंदात ७-८ सेंटिमीटर खाली येते, चाकाच्या कमानीत हात असेल तर त्याला जागाच उरत नाही. जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कुठल्याही कामासाठी शिरायचं नाही, लेव्हलिंग जॅक गाडी सरळ करण्यासाठी असतात, खाली काम करणाऱ्या माणसाला वाचवण्यासाठी नाही. त्या कामाला योग्य क्षमतेचे स्टँड लागतात.

पोकळ काँक्रीटच्या विटा बऱ्याच जणांनी सुचवल्या. नको. त्या तडकताना आधी सांगत नाहीत, एकदम भुगा होतात.

१८ फेब्रुवारी

चाकांखालच्या फळ्या. जाडी ४ सेंटिमीटर, रुंदी ३०. पुढे एकेरी टायर म्हणून एक फळी पुरते, मागे जोडी असल्यामुळे दोन फळ्या शेजारी शेजारी. याबद्दल मला अगदी ठामपणे सांगायचंय: जोडीतला फक्त बाहेरचा टायर फळीवर आणि आतला हवेत असं कधीही ठेवायचं नाही. एका बाजूचे ५ टन दोघांनी वाटून घ्यायचे असतात, ते सगळे एकट्या टायरवर येतात, आणि टायर आतून काय सोसतो ते बाहेरून दिसत नाही. तसंच टायरचा जेवढा भाग खाली टेकतो तो अख्खा फळीवर हवा, कडेवरून लोंबता नको.

एकावर एक रचायच्या तर वरची ६० सेंटिमीटर लांब, तिच्याखालची ९०, सगळ्यात खालची १२०, म्हणजे जिन्यासारखं चढता येतं. चढायच्या बाजूची टोकं तिरकी कापली आणि फळ्या एकमेकींवरून सरकू नयेत म्हणून आरपार लाकडी खुंट्या. शेवटच्या टोकाला आडवी पट्टी ठोकली, चाक तिथे लागलं की ड्रायव्हरला बसल्या जागी जाणवतं.

चॉक, म्हणजे चाक अडवायला लावायचे ठोकळे, रबरचे घेतले, २० सेंटिमीटर उंच. प्लास्टिकचे छोटे पाचरीसारखे मिळतात ते एवढ्या टायरला पुरत नाहीत.

२२ फेब्रुवारी

सपाट जागेवर सराव. क्रम असा बसला: ब्रेक, न्यूट्रल, मागच्या चाकांना चॉक, हवा भरलेली असतानाच काठीने पाट जागेवर (तेव्हा गाडी उंच असते, पाट सरकवायला जागा मिळते), मग सगळे लांब, मग बॅगांमधली हवा सोडायची, आणि नंतर जॅक.

जॅक एकेकटा चालवायचा नाही, जोडीने चालवायचा. पुढचे दोन एकत्र, मागचे दोन एकत्र, आडवी लेव्हल लावताना एका बाजूचे दोन एकत्र. एकच कोपरा वर रेटला की चेसिसला पीळ बसतो आणि तो पीळ सगळ्यात आधी भोगते पुढची मोठी काच. काचेचं रबर सुटणं, काच तडकणं, दार घट्ट बसणं ही सगळी त्याचीच लक्षणं. म्हणून मी जॅकच्या प्रत्येक टप्प्यानंतर दाराच्या फटीत एक जाड पुठ्ठा वरपासून खालपर्यंत फिरवून बघते. वर सहज जातो आणि खाली अडकतो असं झालं की थांबायचं, खाली घ्यायचं आणि परत जोडीने लावायचं. दहा सेकंदाचं काम आहे, पण पीळ पॅनलवर दिसत नाही, पुठ्ठ्यावर दिसतो.

ऑटोचं बटण चांगलंच आहे, वापरायलाही हरकत नाही, पण ऑटोला फक्त लेव्हल कळते, मागचं चाक उचललं गेलंय का ते कळत नाही. ते बाहेरच्या माणसाने बघायचं.

२६ फेब्रुवारी

पहिली खरी उताराची कॅम्पसाइट. गाडी आत न घेता आधी चालत जाऊन बघितली, लांब सरळ फळीवर पाणसळ ठेवून मोजलं. लांबीच्या दिशेने दीड अंश, आडवा एक अंशाला जरा कमी.

पहिला निर्णय तोंड कुठे करायचं हा. चढाकडे तोंड केलं तर मागची बाजू खाली, मग लेव्हलसाठी मागचे जॅक गाडी उचलणार आणि ५ तारखेची सगळी भीती खरी होणार. उताराकडे तोंड केलं तर पुढची बाजू उचलायची, ब्रेकवाली चाकं जमिनीवरच राहतात. त्यामुळे तोंड उताराकडे. दरवाजा झाडाकडे येतो, बाहेर बसायला सावली मिळत नाही वगैरे सगळं दुय्यम.

दीड अंश म्हणजे पुढे १८ सेंटिमीटर. सगळे जॅकनेच उचलले तर पुढची चाकं लटकतील, दांड्या लांब बाहेर येतील आणि वाऱ्यात गाडी डुलत राहील. म्हणून पुढे उजवीकडे दोन फळ्या, डावी बाजू खाली म्हणून डावीकडे तीन, मागच्या डाव्या जोडीखाली एक थर. पुढे ८ सेंटिमीटर असे मिळाले, उरलेले १० जॅकने, तेवढ्यात बॅगा खाली पसरतात आणि टायर फळी सोडत नाही.

फळ्या चाकांच्या मागे ठेवून रिव्हर्समध्ये चढवली. उताराकडे तोंड असताना पुढे जाऊन चढलं तर गाडी फळीवरून पुढे निसटायला उतारच मदत करतो, रिव्हर्समध्ये तोच उतार थांबायला मदत करतो. तिन्ही चाकांमागे अंतर सारखं ठेवायला टेप लावून मोजलं. मी गाडीच्या मागे नाही तर बाजूला, आरशात पूर्ण दिसेन अशी. ठरलेलं होतं की मी आरशातून दिसेनाशी झाले की दादा थांबणार, मी काही बोलायची वाट बघणार नाही.

"थांब दादा, आतला टायर अजून टेकला नाही."

"दिसतोय का तुला तिथून?"

"टॉर्च मारलाय. अजून अर्धी वीत घे, एकदम हळू."

"घेतो. मूठ दाखव झालं की."

मूठ दाखवली, ब्रेक लागला, हवेचा फुस्स आवाज आला, मग चॉक. उताराच्या बाजूला मागच्या दोन्ही जोड्यांना घट्ट, आणि उजव्या जोडीला वरच्या बाजूनेही. पुढे सगळं २२ तारखेच्या क्रमाने. पुढचे जॅक गाडी उचलताना मी टॉर्च घेऊन लांबूनच फक्त मागच्या टायरकडे बघत होते. टायर खाली जिथे टेकतो तिथे त्याचा फुगवटा दिसतो, तो फुगवटा आहे तोवर भार आहे. फुगवटा जाऊन टायर गोल दिसायला लागला तर गाडी उचलली जातेय, थांबायचं. जॅक बसले आणि फुगवटा तसाच होता.

पॅनलवर आडवं थोडं उजवीकडे झुकलेलं राहिलं, फळी ४ ची आणि गरज ३ ची म्हणून. पाव अंश. मागचे जॅक फक्त टेकवले, उचलले नाहीत. पाव अंश फ्रिजला चालतो, आईलाही चालला.

त्यानंतर स्लाइड-आउट, म्हणजे बॉडीतून बाहेर सरकणारे खोलीचे भाग. आमच्या मॅन्युअलमध्ये आधी लेव्हल मग स्लाइड असं आहे, काही गाड्यांना क्रम वेगळा असतो, त्यामुळे आपापल्या गाडीचं पुस्तक बघणं हाच उपाय. वीज आणि पाण्याच्या जोडण्या सगळ्यात शेवटी. पायरी आता जमिनीपासून बरीच वर गेली म्हणून खाली रुंद लाकडी ठोकळा ठेवला, हलत नाही ना ते स्वतः उभं राहून बघितलं आणि मगच आईला हाक मारली.

१ मार्च

रात्रभर पाऊस. सकाळी पुढचा डावा पाट एका कडेने बोटभर खचलेला. गाडीत जाणवत नव्हतं पण पुठ्ठा दाराच्या खालच्या भागात अडकला. स्लाइड आत घेतल्या, पुढची जोडी पूर्ण आत घेऊन टायर फळ्यांवर टेकवले, पाट काठीने काढला, त्याच्याखाली अजून एक पाट घातला आणि परत लावलं. स्लाइड बाहेर असताना जॅक हलवले तर बॉडी पिळते आणि स्लाइडची रबरं व गिअर त्यात सापडतात, त्यामुळे कितीही कंटाळा आला तरी आधी आत.

रात्री गार पडलं की हायड्रॉलिक तेल आकसतं, त्यानेही जॅक थोडासा बसतो. म्हणून सकाळी उठलं की बुडबुडा, चॉक आणि चारी पाट बघणं हे रोजचं.

आज गवत ओलं असलं तरी ते वाळलेलं असतं तेव्हासाठीची एक नोंद इथेच: हवा सोडली की गाडी खाली येते आणि एक्झॉस्ट पाइप गवताच्या जवळ येतो. इंजिन तापलेलं असताना उंच वाळक्या गवतावर हवा सोडायची नाही.

४ मार्च

निघायची पद्धत. पाणी-वीज सोडली, स्लाइड आत, इंजिन चालू, पार्किंग ब्रेक लागलेलाच. हवेचा दाब १२० पीएसआयच्या आसपास आला की मगच जॅक आत घ्यायला सुरुवात. बॅगांमध्ये हवा नसताना जॅक काढले तर बॉडी थेट स्टॉपरवर बसते आणि गाडीखालचं काहीही पाटावर किंवा फळीवर आपटू शकतं.

पॅनलवरचे चारही दिवे विझले तरी मी गाडीभोवती फिरून प्रत्येक जॅक वाकून, बाहेरूनच, डोळ्याने बघते. स्प्रिंगने परत जाणारे जॅक थंडीत सावकाश जातात, दिवा आणि दांडी यांच्यात काही क्षणांचा फरक पडू शकतो. अर्धा उतरलेला जॅक घेऊन गाडी हलली तर तो जॅक चेसिसचा तुकडा घेऊनच निघतो. मग पाट बाहेर, आणि दादा सीटवर, पाय ब्रेकवर, असं झाल्यावरच चॉक. चॉक काढले की मी बाजूला, आणि गाडी फळ्यांवरून पुढे खाली.

दांड्यांवर चिखल उडाला होता. जॅक आत घ्यायच्या आधी बाहेर दिसणारी दांडी कोरड्या फडक्याने पुसता आली तर सील खूप टिकतात, पण तेही काठीला फडकं बांधून, जॅक थांबलेले असताना आणि माणूस बाहेर असताना. तारेचा ब्रश अजिबात नाही, क्रोमला ओरखडा पडला की तेल तिथूनच गळायला लागतं. टाकीतलं तेल चारही जॅक पूर्ण आत असताना बघायचं, बाहेर असताना ते कमीच दिसतं आणि भर घातली की नंतर ओसंडतं.

करायची राहिलेली कामं: मागच्या जोडीसाठी ३ सेंटिमीटर जाडीच्या दोन फळ्या, म्हणजे पाव अंशाचा तो फरकही निघेल. पाटांना पिवळा रंग, चिखलात दिसत नाहीत. काठीचा हूक जरा मोठा हवा. आणि चॉकना एकमेकांशी जोडणारी दोरी, म्हणजे एक काढला आणि दुसरा विसरला असं होणार नाही.